कोणतं पुस्तक आधी? मोबाईल स्टार्टर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एमआयडीसीत चुलत्या-पुतण्याचा छोटा कारखाना आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम तसाच ठेवला आहे. काकांचा मूळ धंदा पॅनल बोर्ड आणि शेतीपंपाच्या स्टार्टरचा, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या साधनाचा. पुतण्या इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, काही वर्षं पुण्यात नोकरी करून परतलेला. त्याची बायको हिशेब सांभाळते आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारीचे फोनही तीच घेते. कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणतात, म्हणून इथेही वहिनीच. नव्या मालाची विक्री अडली तेव्हा मार्केटिंगचं कोणतं पुस्तक आधी धरायचं, यावर कारखान्यात चर्चा झाल्या; मी त्यांना बाहेरचा माणूस म्हणून बसत होतो. पुस्तकं वाचलेली होती, स्टार्टरमधलं फारसं कळत नव्हतं.

माल समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शेतीपंपाला वीज चक्राकार पद्धतीने मिळते; काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री बारा-एकला लाईट आली की उठायचं, बॅटरी घेऊन विहिरीवर किंवा नदीकाठी जायचं, मोटर चालू करायची आणि दारं धरायची, म्हणजे पिकाला पाणी द्यायचं. यावर गावोगाव रुळलेला उपाय म्हणजे ‘ऑटो’: लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा काही शे रुपयांचा स्विच. महावितरण मात्र ‘ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा’ असं आवाहन वर्षानुवर्षं करत आली आहे, कारण वीज येताक्षणी एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि त्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, भार येतो.

पुतण्याने जी पेटी तयार केली (‘मोबाईल स्टार्टर’ हे तिचं नाव पुढे पडलं) ती स्टार्टरशेजारी बसते. आत सिमकार्ड. फोन करून मोटर चालू-बंद करता येते, लाईट आल्याची खबर मिळते, फेज उडाला किंवा पाणी तळाला गेलं तर मोटर आपोआप बंद होते. आणि बंद का झाली, ते पेटी मालकाला फोन करून मराठीत बोलून सांगते. किंमत काही हजारांत.

अडचण

पहिला माल ओळखीपाळखीत खपला. नंतर विक्री अडली, आणि अडली ती अशा रीतीने की कारण सांगणं अवघड होतं. माल परत येत नव्हता, मोठ्या तक्रारी नव्हत्या. नवीन मागणीच येत नव्हती.

माहितीपत्रकावर नाव होतं ‘स्मार्ट इरिगेशन आयओटी कंट्रोलर’; आयओटी म्हणजे नेटवर्कला जोडलेली उपकरणं. कृषी प्रदर्शनात या नावामुळे गर्दी व्हायची. पण येणारा शेतकरी विचारायचा, “व्हॉल्व्ह किती चालतात? ओलाव्याचा सेन्सर कुठाय? ड्रिपमधून खत सोडतं का?” यातलं काहीच पेटीत नव्हतं. ती फक्त मोटर सांभाळत होती. द्राक्षबागायतदार दोन मिनिटांत पुढच्या स्टॉलकडे सरकायचा.

इलेक्ट्रिकलच्या दुकानात उलटा प्रकार. दुकानदार पत्रक बाजूला ठेवून सांगायचा, “ऑटोच आहे, मोबाईलवरचा.” गिऱ्हाईक विचारायचं, “मग एवढा महाग का?” या प्रश्नाला दुकानदाराकडे उत्तर नव्हतं. एकच पेटी प्रदर्शनात महागड्या सिंचन यंत्रणेशी तोलली जात होती, दुकानात काही शे रुपयांच्या स्विचशी, आणि दोन्हीकडे हरत होती.

काकांचं निदान होतं की दुकानदाराचं कमिशन कमी पडतंय. पुतण्याचं निदान होतं की पेटीसोबतचं मोबाईल अ‍ॅप जुनाट दिसतंय. वहिनींना कुणी विचारलं नव्हतं. पुतण्या पुस्तकांकडे वळला आणि सहा महिन्यांत त्याच्या टेबलावर पोझिशनिंग (गिऱ्हाइकाच्या मनात मालाची जागा ठरवणं) आणि मार्केटिंगच्या पुस्तकांची चळत साचली. प्रत्येक पुस्तक निम्म्यापर्यंत वाचलेलं. दर नव्या पुस्तकाबरोबर कारखान्यात नवा बेत निघायचा आणि आधीचा मागे पडायचा. काका एकदा वैतागून म्हणाले, “अरे, एकदा ठरव तरी कुणाचं ऐकायचंय.” प्रश्न खरं म्हणजे तोच होता.

समोरचे पर्याय

सगळी पुस्तकं इथे मोजत बसत नाही. खरी चुरस चार पुस्तकांत होती. फिलिप कोटलर यांचं ‘मार्केटिंग मॅनेजमेंट’ (पहिली आवृत्ती 1967) कपाटात होतं, पण अख्खं शास्त्र एकत्र मांडणारा ग्रंथ अडलेल्या माणसाला पुढचं पाऊल दाखवत नाही. रमा बिजापूरकर यांचं 2007 सालचं ‘वी आर लाइक दॅट ओन्ली’ भारतीय ग्राहकाबद्दल खूप काही शिकवतं, पण ते बाजार समजावतं, एका पेटीची जागा ठरवून देत नाही. दोन्ही बाजूला ठेवली.

*अल रीस आणि जॅक ट्राउट, ‘पोझिशनिंग’.* या दोघा जाहिरातवाल्यांची लेखमाला 1972 साली ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग एज’मध्ये आली आणि पुस्तक 1981 मध्ये. मुद्दा आजही धारदार आहे: लढाई कारखान्यात होत नाही, गिऱ्हाइकाच्या डोक्यात होते, आणि त्या डोक्यात आधीपासून जे बसलंय त्याच्याशीच नवी वस्तू जोडावी लागते. ‘सेव्हन अप’ने स्वतःला ‘अनकोला’, म्हणजे कोला नसलेलं पेय, म्हणवून घेतलं, गाड्या भाड्याने देणाऱ्या एव्हिसने आपण दुसऱ्या क्रमांकावर आहोत हेच भांडवल केलं, ही त्यातली गाजलेली उदाहरणं. पुतण्या यावर फिदा होता. त्याने एका रात्रीत ओळ तयार केली: ‘हा ऑटो नव्हे!’

ओळ वाईट नव्हती. पण हे पुस्तक मोठ्या जाहिरात खर्चाच्या जगातून आलंय. डोक्यात एक जागा धरा, हे ते ठासून सांगतं. कोणती जागा हे शोधायची पायरी-पायरीची रीत त्यात सापडत नाही. शिवाय काकांनी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. आपला माल ज्या दुकानातून विकायचा तेच दुकान रोज ऑटो विकतं. भिंतीवर ‘हा ऑटो नव्हे’ असं पोस्टर लावून दुकानदार स्वतःच्याच मालाला नावं ठेवणार आहे का?

*जेफ्री मूर, ‘क्रॉसिंग द कॅझम’ (1991).* नवं तंत्रज्ञान हौशी गिऱ्हाइकांत खपतं आणि मग व्यवहारी बहुसंख्यांपर्यंत पोहोचण्याआधी एक दरी लागते. ती ओलांडायची तर एकच छोटा गट निवडून तो पुरता काबीज करायचा. पुतण्या म्हणाला, “आपण दरीत पडलोय.” मला हे निदान ऐकताक्षणी संशयास्पद वाटलं. दरीत पडलोय म्हटलं की दोष बाजाराच्या मनःस्थितीवर जातो आणि आपला माल, आपलं पत्रक, आपली भाषा सगळं सुटतं. इथे तर व्यवहारी माणूस पेटी काय आहे हे समजण्यापर्यंतही पोहोचत नव्हता.

तरी या विचाराचं मूळ शेतीत आहे, हे सांगायला हवं. नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात यावरचा पायाभूत अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी 1943 साली प्रसिद्ध केला, तो आयोवातल्या मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवर. संकरित बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण पेरायचं ठरलं ते शेजाऱ्याकडे बघून. सिलिकॉन व्हॅलीचं मानलं जाणारं हे शहाणपण आपल्या बांधावर नीट लागू पडतं. मूर यांचं पुस्तक म्हणूनच बाद झालं नाही, ‘नंतर’ या खणात गेलं.

*बायरन शार्प, ‘हाऊ ब्रँड्स ग्रो’ (2010).* दक्षिण ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या एरेनबर्ग-बास संस्थेच्या संशोधनावर आधारलेलं. वेगळेपणाचा फार बाऊ करू नका; सहज आठवा आणि सहज मिळा; रंग, आकार, खूण वर्षानुवर्षं तीच ठेवा, असा सारांश. काकांना हे तोंडी सांगितलं तेव्हा ते खूश झाले: “म्हणजे प्रत्येक दुकानात माल ठेवा. मी वेगळं काय सांगतोय?” पण शार्प यांचा पुरावा मुख्यतः साबण, शीतपेयं अशा पुन्हापुन्हा घेतल्या जाणाऱ्या मालातून आलेला आहे. शेतकरी मोटरची पेटी कित्येक वर्षांतून एकदा घेतो. आणि प्रत्येक दुकानात माल ठेवायचा म्हणजे प्रत्येक दुकानात उधारी ठेवायची. तेवढं खेळतं भांडवल नव्हतं.

*एप्रिल डनफर्ड, ‘ऑब्व्हियसली ऑसम’ (2019).* डनफर्ड कॅनडातल्या, तंत्रज्ञान कंपन्यांत मार्केटिंग सांभाळलेल्या. हे पुस्तक दहा पायऱ्यांत पोझिशनिंगची कृती देतं. सुरुवात ज्यांना तुमचा माल मनापासून आवडतो त्या गिऱ्हाइकांपासून. मग प्रश्न: तुमची वस्तू नसती तर या लोकांनी काय केलं असतं? त्या पर्यायांकडे नसलेलं तुमच्याकडे काय आहे, त्याचा उपयोग काय, तो कुणाला सगळ्यांत जास्त लागतो, आणि हे सगळं सहज समजावं म्हणून स्वतःला कोणत्या प्रकारची वस्तू म्हणवून घ्यायचं, असा क्रम.

उणीव याही पुस्तकात आहे. ते गृहीत धरतं की तुमची स्वतःची विक्री करणारी माणसं आहेत आणि ती खोलीत बसून सांगतील. इथे विकणारा दुकानदार, बसवणारा वायरमन आणि शिफारस करणारा मोटर वाइंडिंगवाला, म्हणजे जळलेल्या मोटरी दुरुस्त करणारा. तिघेही कारखान्याचे पगारी नव्हते.

निवड कशी झाली

पुस्तकांची गुणवत्ता तोलत बसलो असतो तर कधीच निकाल लागला नसता. चारही चांगली आहेत आणि एकमेकांच्या विरोधातही जातात. डनफर्ड आणि शार्प यांना एका खोलीत बसवलं तर वेगळेपणाच्या मुद्द्यावरच खटका उडेल. म्हणून आम्ही प्रश्न बदलला. प्रत्येक पुस्तक कोणत्या अवस्थेतल्या धंद्याशी बोलतंय, आणि आपण आज त्या अवस्थेत आहोत का?

शार्प बोलतात ते ज्यांचा माल काय आहे हे लोकांना आधीच कळलंय त्यांच्याशी. मूर बोलतात ते ज्यांना काय विकायचंय हे ठाऊक आहे पण पुढचा गट उघडत नाही त्यांच्याशी. रीस-ट्राउट बोलतात ते ज्यांच्याकडे जागा कोरण्याइतका जाहिरातीचा आवाज आहे त्यांच्याशी. कारखान्याचा प्रश्न यांच्या आधीचा होता: ही पेटी आहे तरी काय?

दुसरी कसोटी वहिनींनी घातली आणि माझ्या मते तीच निर्णायक ठरली. “हे पुस्तक एकट्याने वाचायचंय की सगळ्यांनी?” काकांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, वायरमनला वाचायचंच नव्हतं. ज्या पुस्तकातून चार माणसांसाठी मराठीत प्रश्न काढता येतील तेच कामाचं. डनफर्ड यांच्या पायऱ्या एका कागदावर मराठी प्रश्नांच्या रूपात उतरल्या. बाकीच्या तिघांचं तसं झालं नाही. त्यांतून मतं निघत होती.

एक पर्याय पुस्तक न घेण्याचाही होता, आणि काका त्याच बाजूचे होते. सरळ गावं फिरा, विचारा. यात तथ्य होतं. पण पुतण्या आधीही गावं फिरला होता आणि “आवडली का पेटी?” असं विचारून “लई भारी” एवढंच घेऊन आला होता. म्हणून प्रश्न कसे विचारायचे त्यासाठी रॉब फिट्झपॅट्रिक यांचं छोटेखानी ‘द मॉम टेस्ट’ (2013) जोडीला घेतलं. त्याचा गाभा एवढाच: तुमच्या कल्पनेबद्दल मत विचारू नका, समोरच्याने मागच्या वेळी खरोखर काय केलं ते विचारा.

काय केलं

पहिली बैठक वहिनींच्या वहीवर झाली. तक्रारीच्या फोनची नोंद असलेली साधी लाल वही. त्यातून ज्यांनी दुसरी पेटी घेतली किंवा शेजाऱ्याला घ्यायला लावली, अशी नावं काढली. पुतण्याला वाटलं होतं ही मंडळी जास्त जमीनवाली, शिकलेली, स्मार्टफोनवाली असतील. तसं निघालं नाही. काहींकडे साधा फोन होता. एक नोकरदार शिक्षक होते, एक बाई नवरा मुंबईला असल्याने एकटीच शेती बघणाऱ्या, बरेचसे नदीवरून पाणी उचलणारे. यांच्यात समान काय, ते आम्हाला बराच वेळ दिसेना. वहिनींनीच सांगितलं: यांच्या सगळ्यांच्या मोटरी घरापासून लांब आहेत. नदीकाठच्या जॅकवेलवर (पाणी उचलण्यासाठी बांधलेल्या विहिरीवर), डोंगराच्या पलीकडे, ओढा ओलांडून.

दुसरी बैठक पर्यायांची. पुतण्याने फळ्यावर दुसऱ्या कंपन्यांच्या पेट्यांची नावं लिहिली. वायरमन हसला. “मालक, ही नावं गावात कुणाला म्हाईत न्हाईत.” मग त्याने खरे पर्याय सांगितले: स्वतः गाडी काढून जाणं, गड्याला पाठवणं, काठावरच्या एखाद्या ओळखीच्याला फोन करून “जरा मोटर बघ की” म्हणणं, ऑटो, आणि काहीच न करता सकाळी बघणं. स्पर्धक कंपन्या यादीत शेवटी आल्या.

या यादीशी पेटी ताडून पाहिल्यावर एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. रात्री उठायचं वाचतं, हे ऑटोही देतो. मोबाईलवरून चालू-बंद दुसऱ्या पेट्याही करतात. पण मोटर बंद का पडली हे मराठीत बोलून सांगणं यादीतल्या एकाही पर्यायाकडे नव्हतं. पुतण्याने ही सोय सहज म्हणून टाकली होती, पत्रकावर ती अकराव्या ओळीत होती. वहिनी म्हणाल्या की फोनवर लोक याच आवाजाबद्दल बोलतात. फेज नसेल तर जाऊन उपयोग नाही. पाणी संपलं असेल तर विहीर भरेपर्यंत थांबायचं. फ्यूज उडाला असेल तरच गाडी काढायची. तीन किलोमीटरवर मोटर असलेल्या माणसाची फुकटची फेरी वाचते. ज्याची विहीर परड्यात आहे त्याला याचं काय?

इथून निर्णय पटापट झाले असं सांगायला आवडलं असतं, पण दोन ठिकाणी गाडं अडलं.

पहिलं नावावर. पुतण्याला ‘स्मार्ट’ आणि ‘आयओटी’ सोडवेनात. पुढे कर्ज घेताना, प्रदर्शनात, हे शब्द उपयोगी पडतील असं त्याचं म्हणणं. ‘मोटर संरक्षक’ असाही एक प्रस्ताव आला. शेवटी ‘मोबाईल स्टार्टर’ ठरलं, कारण दुकानात लोक तेच म्हणतात आणि त्या शब्दाबरोबर व्हॉल्व्ह-सेन्सरची अपेक्षा येत नाही. पुतण्याने हे मान्य केलं, पण मनापासून नव्हे. त्याने अ‍ॅपवर घातलेले महिने या एका शब्दाने झाकले गेले, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसरं घोषवाक्यावर. ‘रात्री निवांत झोपा’ सगळ्यांना पसंत होतं, मलाही. वायरमनने विचारलं, “आन दिवसाची लाईट सुरू झाली की?” मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज देण्याचं काम राज्यात सुरू होतंच. डनफर्ड यांच्या पुस्तकात चालू प्रवाह पोझिशनिंगला जोडण्याची पायरी शेवटाकडे आहे आणि ती जपून वापरा असा इशाराही आहे. इथे प्रवाह आपल्या विरुद्ध जात होता. रात्र वगळली, अंतर ठेवलं. पेटीवर छापलं: ‘लांबच्या मोटरसाठी मोबाईल स्टार्टर. मोटर का थांबली, फोन करून सांगतो.’

छापण्याआधी वहिनींनी पेटी न घेतलेल्या काही शेतकऱ्यांना फोन केले. पेटीचं नावही न काढता विचारलं, “मागच्या खेपेला मोटर बंद पडली तेव्हा काय केलंत?” उत्तरं लांबलचक आली, शिव्यांसकट. लांब मोटरवाल्यांना दिवस, वेळ, कुणाला पाठवलं हे सगळं आठवत होतं. जवळच्या मोटरवाल्यांना आठवतच नव्हतं. गट बरोबर धरलाय याची खात्री तिथे झाली.

दुकानदारांना नवं पत्रक दिलं, एका पानाचं. त्यापेक्षा उपयोगी पडला तो एक प्रश्न: गिऱ्हाईक ऑटो मागायला आलं की विचारायचं, “मोटर घरापासनं किती लांब आहे?” जवळ असेल तर ऑटो द्या. लांब असेल तर पेटी दाखवा. ऑटोशी भांडण उरलं नाही.

वाइंडिंगवाल्यांचा मामला नाजूक होता. मोटर जळल्यावर शेतकरी त्यांच्याकडेच येतो, म्हणजे पेटीची गोष्ट काढायला याहून योग्य वेळ नाही. पण मोटरी जळायच्या थांबल्या तर वाइंडिंगवाल्याच्या पोटावर पाय. एकाने तोंडावर सांगितलं, “माझ्या दुकानात बोर्ड लावू नका.” दुसरे दोघे तयार झाले, पेटी बसवण्याची मजुरी त्यांनाच मिळेल या बोलीवर. याबद्दल आम्ही वाचलेल्या एकाही पुस्तकात ओळ नव्हती.

परिणाम

आकडे देऊ नयेत अशी मालकांची विनंती आहे, म्हणून दिशा तेवढी सांगतो. नदीकाठच्या गावांत मागणी वाढली, आणि वाढली ती शेजाऱ्याचं बघून. द्राक्षपट्ट्यात ती जवळजवळ संपली. प्रदर्शनातला स्टॉल पुढच्या हंगामात घेतलाच नाही. दुकानदार आता पेटी समजावताना अडखळत नाहीत. कमिशन वाढवावं लागलं नाही, काकांचा या सगळ्यावर विश्वास बसला तो या मुद्द्यावर.

मात्र श्रेय किती द्यायचं याबद्दल मी सावध आहे. बदल पावसाळ्याच्या तोंडावर झाले, तेव्हा मोटरी बंद असतात. खरी विक्री उन्हाळ्यात आली, आणि त्या उन्हाळ्यात पाण्याची ओढही जास्त होती. पाणी कमी तेव्हा मोटरीची काळजी जास्त. किती मागणी पत्रकाने आणली आणि किती उन्हाने, हे वेगळं काढता येत नाही.

एक गट साफ फसला. सामाईक विहिरीवाले यादीत होते, कारण त्यांच्याही मोटरी लांब. पण पेटी कुणाच्या नंबरवर चालवायची यावरून भावाभावांत वाद झाले. ज्याच्या हातात फोन त्याच्या हातात पाण्याची पाळी, असा अर्थ घेतला गेला. काही पेट्या काढून ठेवल्या गेल्या.

वेगळं काय करता आलं असतं

वायरमन दुसऱ्या बैठकीला आला, वाइंडिंगवाले तर छपाई झाल्यावर. दोघांनाही पहिल्याच दिवशी बसवायला हवं होतं. सामाईक विहिरीचं भांडण वायरमनने तिथल्या तिथे सांगितलं असतं. पुस्तकात ‘विक्री करणारी टीम’ असं लिहिलंय म्हणून आपण कारखान्यातली माणसं धरतो. आपल्याकडे विक्री करणारा माणूस बहुधा दुसऱ्याच्या दुकानात बसलेला असतो.

दुसरी गोष्ट बाजूला ठेवलेल्या पुस्तकाची. नव्या नावाच्या उत्साहात पेटीचा रंगही बदलला. आधीची पेटी लाल होती, नवी हिरवी केली, शेतीला शोभते म्हणून. पण गावात लोक एकमेकांना ‘ती लाल पेटी’ म्हणून सांगत होते. दुकानात हिरवी पेटी बघून ‘ही नको, ती लाल द्या’ म्हणणारे निघाले. शार्प यांनी ओळखीची खूण मोडू नका हे इतकं बजावून सांगितलंय की त्यांचं तेवढं एक प्रकरण जरी वाचून घेतलं असतं तरी हा खर्च टळला असता. एक पुस्तक निवडलं म्हणजे दुसरं चुकीचं ठरलं, असा अर्थ आमच्या बैठकीत नकळत शिरला होता. रंग पुन्हा लाल केलाय. हिरव्या पेट्यांचा साठा अजून संपायचा आहे.

तिसरं, अ‍ॅपचं काम थांबवण्याचा निर्णय लवकर आणि स्पष्ट व्हायला हवा होता. नाव बदललं तरी पुतण्या संध्याकाळी त्यावर काम करत राहिला. लांब मोटरवाल्या गिऱ्हाइकाला अ‍ॅप लागत नाही हे फळ्यावर लिहिलेलं असूनही कुणी तोंडाने बोललं नाही, घरातला मामला म्हणून. हे मी बोलू शकलो असतो. बाहेरच्या माणसाचा तेवढाच तर उपयोग असतो.

सध्या दोन प्रश्न उघडे आहेत. सौर कृषीपंपांबरोबर त्यांचा स्वतःचा कंट्रोलर येतो, त्यामुळे तिथे या पेटीला जागा नाही आणि महावितरणच्या जोडणीवरच्या लांबच्या मोटरी एवढाच बाजार उरतो. तो किती वर्षं पुरेल? आणि नदीकाठच्या एका तालुक्यात जम बसल्यावर पुढचा तालुका कोणता घ्यायचा? या दुसऱ्या प्रश्नासाठी मूर यांचं पुस्तक ‘नंतर’च्या खणातून काढलंय. या वेळी ते पुतण्याने नाही, वहिनींनी वाचायला घेतलं आहे, आणि मराठी प्रश्नांचा कागद त्याच तयार करणार आहेत. वाइंडिंगवाल्यांना बैठकीचं बोलावणं आधीच गेलंय. ज्याने बोर्ड लावू दिला नव्हता तोही येतो म्हणालाय.